गंगम्माची मिश्री, चांगुणाबाईची शिंदी

उदगीर तालुक्यातल्या आमच्या गावाला लातूर हा नवा जिल्हा मिळाला आणि पाठोपाठ दुष्काळही मिळाला. पाण्याचा टँकर आला तर आला; सायकलला मडकी बांधून शिंदी विकणारा चंद्रप्पा मात्र कधी खाडा करत नसे. शिंदी ताडीसारखीच नशेची, पण थंड, म्हणून घरोघरी प्यायली जायची. गरोदर बाईला तर आग्रहानं पाजत, कारण डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, अशी समजूत.

पुढं या समजुतीशी भांडायला निघाली अंगणवाडी चालवणारी गंगम्मा. जीभ तिखट आणि दातांना सदा तंबाखूची मिश्री.

चांगुणाबाईची नात मथुरा तिच्या अंगणवाडीत यायची. पोर लाघवी, अंगानं लहानखुरी, पण काल शिकवलेलं आज पुसलेलं. चांगुणाबाई तिला मठ्ठ म्हणायची. गंगम्मा पोरीला आणि तिच्या आईला, सिंधुला, घेऊन लातूरला गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटात असताना आईनं प्यायलेली शिंदी बाळाच्या मेंदूला बाधली असावी. हे जाणार नाही. पण न रागावता, रोज त्याच पद्धतीनं शिकवलं तर पोरगी पुष्कळ शिकेल.

एसटीत सिंधु रडू लागली. तिला पुन्हा दिवस गेले होते.

"रडू नको. तुला कुणी सांगितलं होतं का? मला तरी कुठं ठावं होतं!" गंगम्मा म्हणाली. "आता ह्या लेकराला जपू."

घरी चांगुणाबाई शिंदीचा तांब्या घेऊनच दारात. "घे गं सिंधे, उन्हातून आलीस."

"त्यो तांब्या खाली ठेव," गंगम्मा म्हणाली आणि डॉक्टरीणबाईंचं सगळं म्हणणं तिला सांगितलं.

"काय सांगतीस? माझा नरसिंग शिंदीवरच झाला."

"म्हणूनच चौथीत तीनदा बसला व्हय?"

चांगुणाबाईनं लेकाकडं पाहिलं. नरसिंग चप्पल शोधू लागला.

"घरात वास आला की माझं मन ऱ्हात न्हाई, गंगम्माक्का," सिंधु हळूच म्हणाली.

म्हणजे घरात थेंब नको. नरसिंग सोडायला तयार झाला. चांगुणाबाई उसळली, "मी कुठं गरवार हाय? बरं, सोडती मी बी. पण तू मिश्री सोड आधी!"

गंगम्मानं तिथल्या तिथं डबी उकिरड्यावर फेकली. पस्तावली लगेच, पण दारात बाया जमल्या होत्या.

मग गावाला दुष्काळापेक्षा या दोघींचा जाच झाला. गंगम्मा पोरांवर खेकसायची, चांगुणाबाई कोंबड्यांशी भांडायची. सकाळी एक म्हणायची, "दात दाखव," दुसरी म्हणायची, "तोंडाचा वास दे." चंद्रप्पानं एकदा फुकट पेला पुढं केला. चांगुणाबाईचा हात गेलाही. गंगम्मानं तिचा पदर असा ओढला की दोघी धुळीत बसल्या. चंद्रप्पा त्या आळीतून यायचा बंद झाला.

रिकामा वेळ खायला उठायचा, म्हणून चांगुणाबाई मथुरेला शिकवू लागली. रोज त्याच पाटावर, तेच शब्द, "आधी हात धू, मग ताट घे." पोर विसरायची. आजी पुन्हा सांगायची. मठ्ठ म्हणणं कधी सुटलं, तिलाही कळलं नाही.

सिंधुला मुलगा झाला. वजन चांगलं भरलं, ओरडणं त्याहून चांगलं. नातू मांडीवर घेऊन चांगुणाबाई म्हणाली, "झालं बाई! आता सांच्याला एक पेला घेती."

"सिंधु अंगावर पाजती न्हवं? दूध तुटेपर्यंत घरात शिंदी न्हाई," गंगम्मा म्हणाली.

"म्हंजी दोन वर्सं?" चांगुणाबाईनं तिच्याकडं बघितलं आणि एकदम हसायला लागली. "आन् तुझी मिश्री बी तवर बंद गं!"

गंगम्माचा हात सवयीनं कनवटीला गेला; डबी तिथं नव्हती. मग तिनं हात पुढं केले. "लेकरू दे इकडं. निदान ते तरी धरू दे."