इथे गाणं येईल

“ती पोर जिवंत हाय का बघा रे कुनीतरी. कवापासून बसलीय, पापनी बी हालवली न्हाय. मेलेल्याची कामं करनारे आपल्याकडं आदीच जास्त झालेत.”

हे वाक्य माझ्या कानावर पडावं असा बोलणारीचा हेतू नव्हता, पण मढवी मॅडमची कुजबुज भिवंडीत केली तर शेजारच्या कोन गावात ऐकू जाते. मी नाट्यविभागाच्या प्रवेशाच्या मुलाखतीला आले होते. मध्ये पडदा म्हणून फुलाफुलांची चादर टांगलेली होती. ती सारून एक बुटक्या, रुंद बाई बाहेर आल्या. एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हातात माझा अर्ज, आणि अर्जावर चहाचा गोल. मी घरून इंग्रजीत उत्तर पाठ करून आले होते. त्यात ‘पॅशन’ हा शब्द दोनदा येत होता. मॅडमनी ते डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, घरात भांडतेस का? मी मान हलवली, नाही. मैत्रिणींशी? नाही. रिक्षावाल्याशी तरी? तेही नाही.

“मंग सगला माल आतच पडून असंल,” त्या म्हणाल्या. “घेतली हिला.”

यंदा मॅडम निवृत्त झाल्या म्हणून हे लिहायचं धाडस करते आहे. त्या विभागात असताना लिहिलं असतं तर त्यांनी ते तालमीत मोठ्याने वाचून घेतलं असतं, तेही माझ्याकडूनच. त्यांना ओळखायची खूण सोपी आहे. कायम इस्त्री केलेली सुती साडी, पायात पुरुषी चपला, आणि मनगटावर पांढऱ्या पट्ट्याचं घड्याळ, जे त्या कधीच बघत नाहीत. त्या पट्ट्यावर हळदीचा एक मोठा डाग आहे. मी विभागात आले तेव्हा तो नव्हता.

आमच्या विद्यापीठाचा एक नाट्यविभाग भिवंडीत आहे, हे विद्यापीठालाही अधूनमधून आठवतं. इमारतीत आम्हाला दोन खोल्या होत्या. एका खोलीत कपाटं होती आणि दुसऱ्या खोलीत त्या कपाटांत न मावलेलं सामान. म्हणून तालमी व्हायच्या मॅडमच्या नवऱ्याच्या बंद लूमच्या शेडमध्ये. हे व्यंकटकाका तेलुगू विणकरांच्या घरातले. लूम त्यांनी कधीच भंगारात दिले होते, पण जमिनीत लूम रोवल्याचे खड्डे तसेच होते, आणि मॅडम त्यांचाच नकाशा करून नाटक बसवायच्या. “चार नंबर लूमवरून एन्ट्री घे, सात नंबरला रड, आन् मंग सरल ऑफिसात जाऊन मर.” बाहेरून आलेल्या परीक्षकांना आमच्या मुलांच्या हालचालींत फार शिस्त वाटायची. मुलं फक्त खड्डे चुकवत असत.

शेजारच्या शेडमधले लूम मात्र चालू होते. त्यांच्या खटक खटक आवाजावरच आमची गाणी बसायची, आणि शुक्रवारी लूमला सुट्टी असली की सगळ्यांचा ताल जायचा. मॅडम म्हणायच्या, देवानं शुक्रवार बनवला तो आपल्याला आपली लायकी कळावी म्हणून.

मला त्यांनी प्रॉम्प्टर केलं. विंगेत संहिता घेऊन बसायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य पुरवायचं. माझा आवाज इतका बारीक की वाक्य ऐकायला नट माझ्या दिशेला वाकायचे. पहिल्या नाटकात तर राजा, प्रधान आणि शिपाई तिघंही एका अंगाला कलून उभे राहिले. प्रयोगानंतर मॅडम म्हणाल्या, राज्य पडतं ते ठीक आहे, पण एवढं एका बाजूला पडलेलं पहिल्यांदाच पाहिलं. मग मला बाजूला घेऊन, त्यांच्या मानाने हळू आवाजात, त्यांनी प्रॉम्प्टरचा नियम सांगितला.

“ज्याचं वाक्य अडलं त्याला द्यायचं. त्यो कोन हाय, मोठा का ल्हान, बघायचं न्हाय. आन् लाजायचं न्हाय. अडलाय त्यो, तू न्हाय.”

मी मान हलवली. माझं नाव त्यांनी ‘सायलेंट मोड’ ठेवलं होतं. हाक मारताना नुसतं ‘सायलेंट’.

गेल्या वर्षी विद्यापीठाकडून पत्र आलं की वार्षिक नाटक संगीतमय असावं आणि विषय ‘स्वीकार’ असावा. मॅडमनी ते पत्र वाचून काकांना चहाखाली ठेवायला दिलं. त्यांना हा शब्दच पटत नसे. आमच्यापैकी निम्म्या मुलांचे वडील किंवा भाऊ मानकोलीच्या गोदामांत कामाला, माझे बाबाही तिथल्याच एका ऑफिसात, त्यामुळे मॅडमनी आम्हाला समजेल असंच सांगितलं. “स्वीकार म्हंजे पार्सल. दार उघडायचं, ओटीपी सांगायचा, आत घ्यायचं. फोटो बी काढतात. पन आत घेतल्यावर ते घरात कुटं ठेवलं, उघडलं का पलंगाखाली ढकललं, ते कोन बघतंय?”

तरी नाटक त्यांनीच लिहिलं, आणि ते त्यांच्या घरातून आलं होतं. आगरी लग्नात धवलारीण असते. ती बाई मांडवात बसून धवले गाते आणि त्या गाण्यांवर एकेक विधी पुढे सरकतो. ती थांबली की लग्न थांबतं. मॅडमच्या नाटकात ऐन लग्नाच्या दिवशी गावची धवलारीण मरते, आणि सगळे धवले येतात ते फक्त तिच्या भाच्याला, एका तरण्याताठ्या मुलाला, जो लहानपणापासून तिच्या मागे बसून गुणगुणत आलाय. बायांचं काम पुरुषाने करायचं का, यावर गाव भांडत बसतं आणि नवरा-नवरी हळद लावून ताटकळतात. भाच्याचं काम अंबाडी गावाकडचा प्रणय करायचा. तो दिसायला पैलवान, गळा मात्र असा की शेजारचे लूमवालेही दारात येऊन उभे राहत.

नाटकातली धवलारीण मेली होती. खरी मात्र कोनला ठणठणीत होती. ती म्हणजे मॅडमची आई.

या मायलेकींचं प्रकरण आम्हाला काकांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. मॅडमनी काकांशी कोर्टात लग्न केलं. आईनं आरडाओरडा केला नाही, घराचं दार बंद केलं नाही. तिनं फक्त ते लग्न मोजलंच नाही. आख्ख्या गावाची लग्नं तिनं गाऊन लावलेली. ज्यात तिचा धवला नाही ते लग्न तिच्या लेखी लागलेलंच नव्हतं. त्यामुळे मॅडम साठीला टेकल्या तरी आईच्या हिशेबी लग्नाच्याच होत्या. एखाद्या कार्यात कुणी विचारलं तर म्हातारी सरळ तोंडाने सांगायची, “थोरलीचं अजून जमत न्हाय.” दर वर्षी सुके बोंबील आणि वाल पाठवायची, काकांची साखर किती आहे तेही कोनला राहणाऱ्या मॅडमच्या भाच्याकडून विचारायची, पण जावई म्हणायची नाही. ‘तिच्या घरी ऱ्हातो त्यो’ म्हणायची. मुलीच्या घरी ती कधी आली नाही. काका हे सगळं हसत सांगायचे आणि बोंबील चवीने खायचे.

“आमच्याकडं पार्सल येतंय,” मॅडम म्हणायच्या. “मानूस येत न्हाय.” असं म्हणून त्या लगेच कुणाच्या तरी अभिनयाचे वाभाडे काढायला घ्यायच्या.

नाटकातले धवले त्यांनी लहानपणी आईच्या पाठीमागे बसून ऐकलेले होते, तसेच त्यांनी आम्हाला शिकवले. एक मात्र नव्हता. अंतरपाट धरतात तेव्हाचा, ज्यावर लग्न लागतं तोच. आमच्या नाटकाचा शेवटही त्यावरच होता. गाव मान खाली घालतं, प्रणय पुढे येऊन अंतरपाटाचा धवला गातो, पडदा. माझ्या संहितेत त्या जागी मॅडमच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘इथे गाणं येईल’. तालीम तिथे पोचली की सगळा मांडव प्रणयच्या मागे उभा राहून “ला ला ला” करायचा. प्रयोग जवळ येत चालला तरी ला ला ला चालूच. प्रणयनं एकदा विचारलं, मॅडम, तुम्हीच एक रचा ना. त्या म्हणाल्या, धवला रचायचा नसतो. आईकडून आणा, असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. काकांचीही नाही.

मग कुणीतरी तालमीचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला. तो मॅडमच्या कोनच्या भाच्यानं पाहिला आणि म्हातारीच्या डोळ्यांसमोर धरला.

ती आली तो शुक्रवार होता. शेजारचे लूम बंद, त्यामुळे गाडीचं दार आपटलेलं स्पष्ट ऐकू आलं. भाच्याची पांढरीशुभ्र मोठी गाडी शेडच्या दाराला लागली आणि तिच्यातून नऊवारीतली, काटकुळी, गळ्यात जाड सोनं घातलेली म्हातारी उतरली. भाचा गाडीतच एसी लावून बसला. म्हातारीनं कुणाला काही न विचारता दिग्दर्शकाची खुर्ची घेतली. आम्ही मॅडमना त्या खुर्चीशेजारी हात बांधून उभं राहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

गाणी चोरल्याबद्दल ती ओरडेल असं आम्हाला वाटत होतं. ती भडकली होती वेगळ्याच गोष्टीवर.

“तुज्या नाटकात नवरी आदी घान्याची हलद दलते का आदी अंगाला लावते?”

मॅडम म्हणाल्या, क्रम थोडा बदललाय. हळद लावायचा धवला नंतर घेतला की रंगमंचावर चांगलं दिसतं.

“दिसायला काय, मढ्याला बी फेटा बांदला तर चांगला दिसतो.”

पुढे म्हातारीनं आमच्याकडून सगळं नाटक पहिल्यापासून करून घेतलं. चुका सांगितल्या, पण नुसत्या बोलून. एक ओळसुद्धा गाऊन दाखवली नाही. प्रणयला म्हणाली, तुझा गळा बरा आहे, पण तू मांडवात गातोयस का पोलीस भरतीला उभा आहेस? खांदे पाड. तो खांदे पाडून गायला आणि खरंच वेगळा वाटला. ती सगळ्यांशी बोलत होती. मॅडमशी बोलताना तेवढी प्रणयकडे बघून बोलत होती. मी विंगेत होते. माझ्याकडे लक्ष गेल्यावर तिनं विचारलं, “ही मुकी हाय का?” मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत.

मग शेवट आला. दोघांनी चादरीचा अंतरपाट धरला, नवरा-नवरी उभे राहिले, आणि सवयीनं सगळे ला ला ला करू लागले.

“ह्ये काय, मच्छर आयलं का?” म्हातारी म्हणाली.

आम्ही थांबलो. मॅडम जमिनीवरच्या खड्ड्याकडे बघत म्हणाल्या, “त्यो धवला मला येत न्हाय, आये.”

“सगले येतात, त्योच कसा येत न्हाय?”

“तवा मी जेवाया जायची. सगली मान्सं मांडवात असायची. पयल्या पंगतीला बुंदी जास्त भेटायची.”

“दर लग्नात?”

“दर लग्नात.”

म्हातारीचं तोंड हसण्यासाठी हललं, पण तिनं ते आवरलं. ती खुर्चीतून उठली. पदर सारखा केला. म्हणाली, बाकीचं नीट करा, पोरं चांगली आहेत. पण हा धवला ती इथे गाणार नाही. तिच्या आईनं तिला दिला तो एकाच अटीवर, की लग्न नसताना तोंडातून काढायचा नाही. नाटकातल्या लग्नाला तो चालत नाही. “खरं लगीन आसंल तं सांगा. गाते. मंग ज्याला शिकायचं त्यानं बाजूला बसून शिका.” एवढं बोलून ती दाराकडे वळली.

दारात व्यंकटकाका चहाचा ट्रे घेऊन उभे होते. दोघं समोरासमोर आले. कुणी कुणाला काय म्हणायचं हे ठरलेलंच नव्हतं, त्यामुळे काका नुसते बाजूला झाले आणि म्हातारीनं ट्रेवरचा एक कप उचलला. तो हातात धरून ती उभी राहिली. प्यायली नाही, परतही ठेवला नाही.

मी मॅडमकडे पाहिलं. कुलगुरूंना, परीक्षकांना, नगरसेवकाला, आमच्या पालकांना, प्रत्येकाला द्यायला त्यांच्याकडे काहीतरी तयार असायचं. आज त्यांचं तोंड थोडं उघडलं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा आईच्या पाठीकडे. हे मी विंगेतून अनेकदा पाहिलेलं होतं. नट असाच उभा राहतो. वाक्य त्याला माहीत असतं, फक्त जिभेवर येत नाही. आणि मग तो विंगेकडे बघतो.

मॅडमनी विंगेकडे पाहिलं.

माझ्या मांडीवर संहिता होती, पण हे वाक्य तिच्यात नव्हतं. मी उभी राहिले. खुर्ची पडली. शुक्रवार होता, लूम बंद होते, त्यामुळे कुणालाही माझ्याकडे वाकावं लागलं नाही.

मी म्हणाले, “आजी, आमच्या मॅडमचं लग्न लागायचं राहिलंय.”