दगडावर टकटक

दगड उचलण्याआधी काका त्यावर पेन्सिलीनं दोनदा टकटक करायचे. "आहे का कोणी?" मग जरा थांबायचे. आतल्याला आवरायला वेळ नको का? मग दगडाची पलीकडची कड धरून तो अलगद आपल्याकडे कलता करायचे, म्हणजे विंचू निघालाच तर तिकडं निघेल. खाली कुणी नसलं तर वहीत लिहायचे, 'घर बंद'.

हा माणूस जन्मभर विजेचे मीटर वाचत फिरला होता. दाराला कुलूप दिसलं की कागदावर 'घर बंद' लिहायचं. निवृत्तीनंतर मीटर सुटले, सवय दगडांना लागली.

पडेगावात राहणाऱ्यांनी त्यांना पाहिलं असणारच. सायकल, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, आणि कुणाच्याही न्हाणीघरात शिरायची तयारी. घराघरांत दिसणाऱ्या लांब पायांच्या गोमेची ते नोंद ठेवायचे. तीच ती, भिंतीवरून अशी पळते की कंगव्यालाच घाई झालीय.

"ताई, ती दिसते का हो तुमच्याकडं?"

"दिसली की चप्पल हाणते."

"नका ना! झुरळं खाते ती. तुमचंच काम फुकटात करते बिचारी."

माझी नि त्यांची ओळख भांडणातून झाली. पैठणच्या एसटी स्टँडवर मी पत्रकं वाटत होते. धरणाच्या पाण्यात एक छोटं बेट आहे, त्यावर एका कंपनीला तंबूंचं हॉटेल टाकायचं होतं. कंपनीच्या अहवालात एकच ओळ होती, 'ओसाड खडक, जीवसृष्टी नाही.' ती वाचून माझं डोकं फिरलं होतं. माझ्या पत्रकाचा मथळा होता, 'हजारो जीवांचं बेट वाचवा!' काकांनी ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. पत्रक पूर्ण वाचणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"हजारो? मोजले कोणी?"

"काका, अशी म्हणायची पद्धत असते."

"मीटरवर लिहू का असं? हजारो युनिट, म्हणायची पद्धत आहे?"

"मग तुम्ही मोजा ना!" मी ओरडले.

"चल की. रविवारी ये. आणि टोपी आण, घोषणाबाई."

तेव्हापासून मी घोषणाबाई.

परवानगीचा कागद काढून आम्ही दर रविवारी बेटावर जाऊ लागलो. होडी अन्वरभाईंची. काकांनी खडूनं दगडांवर नंबर टाकले, गल्लीतल्या घरांना असतात तसे. बसायला घरून एक गोणपाट आणायचे. टकटक, थांबा, उचला, लिहा, दगड होता तसा परत ठेवा. अन्वरभाई होडीतून ओरडायचे, "चाचा, इन पत्थरां को घंटी लगा देऊं क्या?"

"लाव. पण वीज कुठनं आणशील?"

एकदा ओल्या मातीत पावलं दिसली. मी वहीत लिहिलं, 'कोल्हा असावा'. काकांनी भिंग लावून माझं अक्षर तपासलं.

"असावा हा प्राणी माझ्या वहीत नाय."

"अहो, पण कोल्हाच असणार!"

"असणार बी नाय."

शेवटी 'पावलं, चार' एवढंच लिहिलं. मला इतका राग आला की परत येईपर्यंत मी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. ते टिटवीची अंडी मोजत होते.

आणि मग तो रविवार. गोणपाटावर बसून आम्ही चहा घेत होतो, शेजारी सव्वीस नंबरचा दगड. टकटक केली, उचलला, आणि खालून ती निघाली. लांब पायांची! बेटावर! काका असे उठले की चहा माझ्या अंगावर. मग ते नाचले. खरंच नाचले. एक चप्पल पाण्यात गेली, अन्वरभाई वल्ह्यानं ती काढत बसले. "लई दिवसांनी आली गं!" काका म्हणत होते. घरच्या पाव्हणीला म्हणावं तसं. नाच संपल्यावर त्यांनी वाकून नीट नोंद केली, सगळे पाय मोजून.

मी कुठली थांबते? परतल्याबरोबर दोन हजार पत्रकं छापून घेतली. 'ओसाड बेटावर हजार पायांचा पुरावा!' काकांना दाखवलं तर म्हणाले, "तीस पाय असतात. पंधरा जोड्या." मी म्हटलं, "छापून झालं."

हॉटेलच्या परवानगीवर सरकारी साहेबांपुढं सुनावणी होती, त्या दिवशी सकाळी पैठणच्या स्टँडवर ते बसमधून उतरले तेच पडलेल्या चेहऱ्यानं. दोन वह्या माझ्यापुढं धरल्या. एक घरची, एक बेटाची. घरच्या वहीत रोजची नोंद होती, 'न्हाणीघर. एक. डावीकडचे मागचे दोन पाय नाहीत.' मग त्या रविवारपासून सलग, 'न्हाणीघर. घर बंद.' आणि बेटाच्या वहीत, त्यांच्याच अक्षरात, 'दगड सव्वीस. एक. डावीकडचे मागचे दोन पाय नाहीत.'

"गोणपाट न्हाणीतच असतं ना माझं," ते म्हणाले. "त्याच्या घडीत बसून आली. माझीच आहे ती. खोडावं लागतंय."

"काका, साहेबांना काय कळतंय डावं-उजवं!"

"त्यांना नाय कळत. मला कळतंय ना."

"बेट जाईल! तंबू पडतील तिथं!"

"व्हय." एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

सुनावणीत कंपनीचा माणूस माझं पत्रक नाचवत उठला. "हा यांचा पुरावा! एक किडा!" साहेबांनी आमच्याकडं पाहिलं. खरं सांगते, मी गप्प बसणार होते. दुसऱ्यांच्या खोट्यावर पत्रकं काढणारी मी. काका उभे राहिले.

"साहेब, ती गोम आमच्या न्हाणीतली आहे. माझ्याबरोबर होडीतनं गेली. ती खोडा."

हॉल असा हसला की पंख्यांचा आवाज ऐकू येईना. कंपनीचा माणूस तर डोळे पुसत होता. काका मात्र हसू थांबेपर्यंत उभेच. टकटक करून थांबायचे तसे.

"खोडलं? आता राहिलेलं वाचतो. दगड एक, घर बंद. दगड दोन, घर बंद. दगड तीन, पाल. दगड चार, घर बंद. दगड पाच, विंचू, पाठीवर पिल्लं..."

"घर बंद म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"उचलून पाहिला, कोणी नव्हतं."

"तेही लिहिता?"

"नाय तर भरलेलं घर कोणतं, ते कसं कळणार?"

साहेब कंपनीच्या माणसाकडं वळले. "तुमच्या लोकांनी किती दगड उचलले?"

तो कागद चाळू लागला. बराच वेळ चाळत होता.

निकाल लागला नाही. पण पुन्हा पाहणी होईपर्यंत तंबू थांबले, आणि पाहणी काकांच्या पद्धतीनं करायची ठरली. घोषणा द्यायला मी खुर्चीवर चढणार होते. काकांनी ओढणी धरून खाली बसवलं. "घोषणाबाई, दगड वाचतोय अजून. साठ राहिलेत."

पुढच्या रविवारी आम्ही बेटावरून त्या गोमेला शोधून आणलं. परतीच्या बसमध्ये काकांच्या मांडीवर भोकं पाडलेला डबा. कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय, काका?"

"घरची बाई. माहेरपण झालं, परत चाललीय."

कंडक्टरनं झाकण उघडायला सांगितलं नाही, हे पूर्ण बसचं नशीब.

काका पाहणीपर्यंत थांबले नाहीत. थंडीत छातीचं दुखणं झालं आणि आठवड्यात गेले. वही त्यांच्या मुलीनं माझ्या हातात दिली, पेन्सिल आतच होती.

पाहणीला साहेब स्वतः आले, पॉलिश केलेल्या बुटांत. निघण्याआधी मी काठावर गोणपाट तीनदा झटकलं. बेटावर खडूचे नंबर पुसट झाले होते. पाच नंबरच्या दगडाशी मी पेन्सिल काढली, आणि मला पुढं काही करता येईना. साहेबांनी ती माझ्या हातातून घेतली. गुडघे टेकले. दोनदा टकटक केली.

"आहे का कोणी?"

आम्ही सगळे थांबलो. मग त्यांनी दगड आपल्याकडे कलता केला. खाली विंचवीण होती, पाठीवर पिल्लांची दाटी.

अन्वरभाई होडीतून उठून उभे राहिले.

"सब घरमेंच हैं, साब," ते म्हणाले. "लिखो."