मिलुंकाच्या झोपेच्या गोळ्या

सर्बियातल्या लेस्कोव्हाट्समध्ये माणसाला काहीही झालं तरी कारण एकच असतं. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहतात, घरातून आरपार वारा जातो आणि तो बाधतो. मान धरली, वारा. दाढ ठणकली, वारा. म्हणून मिलुंका अंगणात ऐवार, म्हणजे लाल मिरच्यांची चटणी, ढवळता ढवळता चुलीशेजारी कोसळली आणि मनगट मोडून बसली, तेव्हा तेही वाऱ्यानंच मोडलं, असं तिनं आणि शेजारीण कोसारानं रुग्णवाहिका यायच्या आत ठरवून टाकलं होतं.

"अंगणात कुठून आला आरपार वारा?" दुशित्सानं विचारलं. ही मिलुंकाची लेक, नीश शहरातून रजा टाकून धावत आलेली.

"सकाळी घरात लागला होता," मिलुंका म्हणाली. "बाधला आत्ता."

मिलुंकानं उभं आयुष्य कारखान्यात पुरुषांच्या पँटी शिवण्यात काढलं. साहेबाला तोंडावर उत्तर देणारी, म्हणून तिथं तिचा दरारा होता. नवरा गेला तेव्हा डॉक्टरांनी तिला पंधरा दिवसांपुरत्या झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली, ते पंधरा दिवस काही सरले नाहीत. गोळ्या आपोआप पुन्हा मिळत राहिल्या. कमी पडल्या तर कोसारा होतीच. सकाळच्या कॉफीला कोसारा बशीत गोड वडीच्या शेजारी अर्धी गोळी ठेवायची आणि म्हणायची, "तोंड उतरलंय आज तुझं, घे." यात गल्लीत कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. वर घोटभर प्लमची दारूही असायची, पोटाला बरी म्हणून.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी औषधं कोणती घेता विचारलं. मिलुंका म्हणाली, रक्तदाबाची तेवढी. दुशित्सानं तिच्या पिशवीतून गोळ्यांची डबी काढून टेबलावर आदळली.

"ते काय औषध आहे?" मिलुंका चिडली. "ते झोपेचं आहे."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तोल जातो तो यानंच, विसरायला होतं तेही यानंच, आणि त्यात दारू म्हणजे कहर. दुशित्सानं पुढचं ऐकलंच नाही. परतताना गाडीत तिनं आईला बजावलं: पुन्हा पडलीस तर या घराला कुलूप, आणि तू आमच्याकडे नीशला, चौथ्या मजल्यावर. घरी पोचल्यावर दुशित्सानं सगळ्या गोळ्या संडासात ओतल्या आणि पाणी सोडलं. प्रश्न मिटला, असं तिला वाटलं.

प्रश्न दोन दिवसांत थरथरायला लागला. मिलुंकाला दरदरून घाम सुटला, हातात पेला ठरेना, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. कोसारानं सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. दुशित्सानं घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या तिच्यावरच उखडल्या. एकदम बंद करायला सांगितलं कुणी? इतक्या वर्षांची सवय, फिट आली असती. गोळी परत सुरू करा आणि आम्ही सांगू तशी महिनोन्‌महिने थोडी थोडी उतरवा.

म्हणजे आई करते तेही चूक आणि आपण केलं तेही चूक. दुशित्साला वाटलं, आता आपणच भिंतीवर डोकं आपटून घ्यावं. पण आधी कोसाराला गाठायचं होतं.

"काकू, डॉक्टर देतील तेवढीच. तुमच्या बशीतली नको."

"ती थरथरताना मी नुसती बघत बसू? राक्षसीण आहे का मी?"

"तुम्ही स्वतः किती घेता?"

"मी कुठे घेते? गरज पडली तरच."

"आणि गरज कधी पडते?"

"रोज," कोसारा म्हणाली, आणि वर तोंड फुगवून बसली.

पलंगावरून मिलुंका बोलली. गाडीतून उतरल्यापासून तिच्या डोक्यात तो चौथा मजलाच घोळत होता.

"कोसारा, मला हिनं चौथ्या मजल्यावर नेऊन टाकलं, तर तू सकाळी कॉफी कुणाबरोबर पिणार आहेस?"

कोसारानं हातातल्या बशीतली अर्धी गोळी उचलून आपल्या एप्रनच्या खिशात टाकली. स्वतः घ्यायचं तिनं सोडलं नाही, पण मिलुंकाच्या बशीत त्यानंतर फक्त वडी दिसली.

हिवाळा सगळ्यांनाच जड गेला. गोळीचा आणखी एक कोपरा कमी झाला की मिलुंका आठवडाभर चिडचिड करायची. दारू सुटली त्याबद्दल वेगळी. पण चाल सरळ झाली. वसंतात ती एकटी बाजारात जाऊन कोबीची रोपं घेऊन आली. डोकंही साफ झालं, आणि त्याची झळ दुशित्साला बसली. उजाडता उजाडता फोन वाजायचा. नऊ वर्षं धुक्यात दडलेलं सगळं एकेक करून आईला लख्ख आठवत होतं.

"तुझ्या लग्नात मला खांबामागे बसवलं होतं. तुझी सासू मात्र पुढे."

"आई, आत्ता साडेपाच वाजलेत. झोप ना जरा."

"झोप येत नाही."

"पडली-बिडली नाहीस ना?"

"मी कशाला पडतेय? विषय बदलू नकोस. खांब कुणी निवडला होता?"

दुशित्सा उशीला टेकून उठून बसली आणि खांबाचा जाब द्यायला लागली.