शुद्ध केलेला नवरा

तिसगावच्या माझ्या आत्याला चर्चमध्ये दोन शब्द सांगायचे होते. तिच्या यजमानांना, म्हणजे मामांना, जाऊन वर्ष झालं होतं आणि रविवारी त्यांच्या आठवणीची उपासना होती. लोकांसमोर गळा दाटून येईल, तूच वाच, म्हणून तिने मजकूर मला सांगितला. मी तो लॅपटॉपवर जसाच्या तसा उतरवून घेतला.

इथवर ठीक होतं. पण मी पडलो नगरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारा. सावेडीला घरी आल्यावर तिचं बोलणं शुद्ध करायची हुक्की आली. साध्या पद्धतीने दहा मिनिटांत झालं असतं. छे, मी त्यासाठी प्रोग्रॅम लिहिला! उघड्या फाइलमध्ये यंत्राचं बोट एका जागी टेकलेलं असतं, वाचणं-लिहिणं तिथूनच सुरू होतं. ते बोट हवं तिथे नेता येतं. मी ते प्रत्येक ‘हाय’वर नेलं आणि वरून ‘आहे’ लिहिलं. चपखल बसलं. मग काय, ‘हुता’चा ‘होता’ केला, ‘न’चे ‘ण’ केले, ‘लई’वर ‘खूप’ आणि ‘न्हाई’वर ‘नाही’ लिहीत सुटलो.

वर्गात घसा फोडून सांगतो तेच विसरलो. अशी नवी अक्षरं शेजाऱ्यांना सरकवत नाहीत, थेट जुन्यांच्या डोक्यावर बसतात. त्यात यंत्र काना, मात्रा, ऊकारही वेगळं अक्षर म्हणून मोजतं, म्हणजे ‘लई’ दोनाचा आणि ‘खूप’ तिनाचा. लांब शब्द पुढचं गिळतो, तोकड्या शब्दामागे शेपूट उरतं.

शनिवारी मोठ्या ऐटीत तिला वाचून दाखवलं. ‘माणूस खूपहट्टी होता. माझं कधी ऐकलं नाहीई.’ ती बकरीसारखी ‘ई’ माझ्याच तोंडून निघाली. आत्या कोरड्या डोळ्यांनी ऐकत होती.

“ह्यो कुनाचा नवरा?” ती म्हणाली. “मी न्हाई वळखत ह्याला.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी प्रत ठेवली नव्हती. नशीब, बोट कुठे कुठे टेकवलं त्याची यादी प्रोग्रॅमकडे होती. तिच्यासमोरच एकेका जागी परत गेलो आणि तिचे शब्द लिहिले. ‘लई’ आणि त्यापुढची मोकळी जागा बरोब्बर बसली, ‘न्हाई’ने शेपूटही झाकलं. एक अक्षर कमी पडलं नाही की उरलं नाही.

मग पुन्हा वाचलं. ‘मानूस लई हट्टी हुता. माझं कधी ऐकलं न्हाई. त्याची छत्री अजून दाराला हाय.’

आत्याने पदर तोंडाला लावला. मला वाईट वाटलं, मी लॅपटॉप मिटायला लागलो, तर तिने माझा हात धरला.

“पयल्यापासून वाच,” ती म्हणाली.