सड्यावरचा न मेलेला खलनायक

माझ्या बायकोनं मला गोळी घालायला ठाम नकार दिला, तेव्हा माझ्या मुलीला रडू कोसळलं.

ऐकायला हे वाईट वाटतं, पण त्या क्षणी माझी सगळी सहानुभूती मुलीकडे होती. उन्हं उतरत होती, कॅमेरा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा होता, आणि मी कधीपासून सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळी माळावर, छाती पुढे काढून गोळीची वाट बघत उभा होतो. माणसानं मरायची तयारी करावी आणि घरच्यांनीच आयत्या वेळी कच खावी, यासारखा अवघड प्रसंग नाही!

पण हे सुरुवातीपासून सांगायला हवं.

माझं मालवणात दोऱ्या, जाळी आणि होडीच्या रंगांचं दुकान आहे. आमच्या घराण्यात आजवर घडलेलं एकमेव कलाकार्य म्हणजे दुकानाच्या पाटीवर मी स्वतः रंगवलेलं पापलेट (गिऱ्हाइकं त्याला कासव समजतात). अशा घरात आमची मयुरी पुण्याहून शिकून आली आणि सोलकढीची वाटी तोंडाला लावता लावता म्हणाली, "बाबा, मी फिल्म करणार. फेमिनिस्ट कॉमेडी वेस्टर्न."

या तीन शब्दांपैकी मला फक्त कॉमेडी कळला, आणि ती माझ्यावरच बेतणार अशी शंकाही आली. मग तिनं समजावलं. अमेरिकेतले ते घोडेवाले, टोपीवाले, पिस्तूलवाले असतात ना, तसंच सगळं. फक्त घोड्यावर बाई, टोपी बाईला आणि पिस्तूलही बाईच्या हातात. गावातली एकुलती एक विहीर एक गुंड कुलूप लावून बळकावतो. बाहेरून शेरीफ येते (शेरीफ म्हणजे त्यांच्याकडचा फौजदार), गुंडाला गोळी घालते आणि पाणी सगळ्यांना मोकळं करते.

"आणि पुरुष काय करतात?" मी विचारलं.

"एकच आहे. तो मरतो."

मी बाप माणूस. म्हटलं, हिचं पुढे होणार काय? म्हणून अट घातली : एक फिल्म पूर्ण करून दाखव, लोकांनी शेवटपर्यंत बसून बघितली पाहिजे. नाही जमलं तर जूनपासून पुण्याला बँकेच्या परीक्षांचा क्लास, आणि पुन्हा फिल्मचं नाव काढायचं नाही. तिनं लगेच हात पुढे केला. मी तो हातात घेतला तेव्हा कळलं की तो गार पडलाय. त्याच क्षणी अट मागे घ्यावी असं फार वाटलं होतं, पण बापानं घातलेली अट बापाला मागे घेता येत नाही. असा नियम कोणी केलाय कोण जाणे!

मैत्रिणीचा कॅमेरा दोनच दिवस मिळणार होता, शनिवार आणि रविवार. पैशाच्या नावानं आनंद. त्यामुळे मे महिन्यात करपून गेलेला आमचा सडा म्हणजे अमेरिकेतलं वाळवंट ठरलं. सड्याच्या कडेला शेवंतीकाकीची काजूची बाग आहे, तिथला मांगर, म्हणजे अवजारं ठेवायची झोपडी, हा दारूचा गुत्ता झाला (आत कोकम सरबत मिळायचं). शेजारची फिलोमिना शिवणकाम करते. तिनं आमच्या हॉलचे पडदे कापून वेस्टकोट शिवले, आणि नवऱ्याची गोव्यातल्या लग्नाच्या बँडमधली रुंद काठाची टोपी आणून दिली. पिस्तूल दिवाळीचं, टिकल्यांचं. शेरीफ झाली माझी बायको सुलभा.

खलनायक अर्थातच मी. मला वाटलं, आपल्या चेहऱ्यात काहीतरी जरब असणार. "अभिनय कसा करू?" मी विचारलं, तर मयुरी म्हणाली, "काही करू नका, बाबा. घरी असता तसेच राहा."

शनिवारी पहिला घोटाळा घोड्यानं केला. आमच्याकडे घोडा कुठला असायला? तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारा सुलतान नावाचा घोडा त्याच्या मालकाकडून, बाबलकडून, टेम्पोत घालून आणला. सुलभाला आम्ही सगळ्यांनी मिळून वर चढवलं. ऐटीत बसली! मयुरी ओरडली, "अॅक्शन!" सुलतान चार पावलं दुडकत आला, त्यानं कॅमेरा बघितला आणि जागच्या जागी थांबला. मान वळवली, एक पाय किंचित पुढे घेतला आणि डोळे मोठे केले.

"ह्यां काय, बाबल?" सुलभा वरून ओरडली.

"वयनी, तेका सवय आसा. कॅमेरो दिसलो काय तो फोटोसाठी उबो ऱ्हवता. लोक फोटो काडूक सांगतत ना!"

पुन्हा केलं. पुन्हा तेच. जन्मभर ज्याला फोटोसाठी उभं राहायला शिकवलं, त्याला आता धाव म्हणून कोणी सांगायचं? शेवटी फिलोमिनाच्या मासळीच्या पाटीत केळीच्या पानाखाली कॅमेरा लपवला, तेव्हा कुठे सुलतान धावला. धावला तो थेट मांगराच्या मागे, आणि वाटेत शेरीफची टोपी काजूच्या फांदीला अडकवून गेला. पण ते चित्रण मिळालं, आणि मयुरी आनंदानं नाचली.

दुसरा घोटाळा माझा. संध्याकाळी कॅमेरा लावून माझ्या मरणाची तालीम होती. आता तरुणपणी जत्रेतल्या हौशी दशावतारात मी एकदा राक्षस झालो होतो, आणि दशावतारात राक्षस असा चटकन मरत नाही! तो आधी गर्जना करतो, मग डळमळतो, मग त्याला पश्चात्ताप होतो, मग तो देवाची स्तुती करतो, आणि पेटीवाला दमला की मरतो. मयुरीनं बोट रोखून "ठो" म्हटलं आणि मी सुरू झालो. मी डळमळत होतो तेव्हा फिलोमिनानं चहा ठेवला. मी देवाच्या स्तुतीला पोचलो तेव्हा चहा पिऊन झाला होता. कॅमेऱ्याची बॅटरी माझ्याआधी मेली.

घरी आल्यावर सुलभा माझ्यावर घसरली. "तुमी मुद्दाम करतास! आपल्या चेडवान ह्यां पुरा करू नये, म्हनान करतास. जूनचो क्लास डोक्यात आसा तुमच्या!"

"अगो, मी मनापासून मरत होतो!"

"मनापासून मरूक नको. पटकन मरा!"

मयुरी बॅटऱ्या चार्जिंगला लावत होती, आणि तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ते मला फार लागलं. मी न्हाणीघरात जाऊन पटकन मरण्याचा भरपूर सराव केला.

रविवारी वाडीतल्या सगळ्या बायका रिकामे हंडे घेऊन गर्दी म्हणून सड्यावर आल्या, बाबलही सुलतानला घेऊन आला. फिलोमिना चर्चमधल्या सकाळच्या मिसाहून, म्हणजे प्रार्थनेहून, परस्पर बाजार करून, बांगडे घेऊन आली, कारण जेवण मांगरातच होतं. दिवसभर सगळं सुरळीत चाललं, एवढं सुरळीत की मला धास्तीच वाटायला लागली. आणि शेवटी तो प्रसंग आला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला टोपी घातलेली, पाय फाकवून उभी सुलभा. मध्ये वारा. तिनं पिस्तूल उचललं.

"गो सुलू! रव, रव!" काठी टेकत शेवंतीकाकी थेट कॅमेऱ्यासमोर आली. काकी म्हणजे वाडीतली सगळ्यात मोठी. तिच्या शब्दापुढे सरपंचही जात नाही. "काय करतंस ह्यां? घोवावर पिस्तूल धरतंस?"

"काकी, खेळ आसा तो."

"खेळ आसा ता माका ठावक आसा. पन गळ्यातला मंगळसूत्र खेळातला काय? सवाष्णीन सोताच्या हातान घोवाक मारूचा, ह्यां खंयच्या शास्त्रात आसा?"

सुलभाचा हात हळूहळू खाली आला. "मयू, माझ्यान होवचा नाय गो." (हीच बाई रोज सकाळी बिछान्यावरचा ओला टॉवेल बघून माझ्याबद्दल जे बोलते, ते काकीनं एकदा ऐकायला हवं.)

मयुरीनं पिस्तूल फिलोमिनापुढे धरलं. "माका नको सांगू, बाय! आताच मिसाक जावन आयलंय. आयतारी मानूस मारूचो?" तिसरीनं सांगितलं की ती मला राखी बांधते. चौथी नुसतीच हंड्यामागे लपली. शेवटी मयुरीनं खुद्द काकीलाच विनवलं, तर काकी म्हणाली, "माझ्या मांडयेर खेळललो तो!"

माझे डोळे पाणावले. एवढ्या बायकांचा आपल्यावर जीव आहे, याचा मला आजवर पत्ताच नव्हता. मी म्हटलं, "मयू, मी आपणहून मरतो. हृदयविकारानं."

"नको, बाबा! एकच बॅटरी उरलीय."

आणि ती जांभ्याच्या दगडावर बसली आणि रडायला लागली. पुण्याहून आल्यापासून ती आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलत होती. ती मराठी आता कुठल्या कुठे गेली. "जावंदे. नाय जमूचा माझ्यान. मी जातंय क्लासाक."

म्हणजे मी जिंकलो होतो! आणि इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पोरगी दोन दिवस उन्हात करपली होती, घोड्याच्या मागे धावली होती, माझ्या पश्चात्तापाचं चित्रण तिनं सहन केलं होतं, आणि हे सगळं कशापायी, तर बापाच्या एका अटीपायी. मी सरळ काकीचे पाय धरले. "काकी, पाया पडतंय. कोनाकतरी माका मारूक सांग!"

काकीनं काठी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग बायकांकडे वळून म्हणाली, "पन मी म्हनतंय, हेका मारतास कित्याक? विहिरीक कुलूप घातल्यान, बायलमानसांका पान्यासाठी रडयल्यान, नि एक गोळी खावन आडवो पडतलो? मेलो काय सुटलो! मगे कामा कोन करतला? जित्तो ठेवा तेका. नि कामाक लावा!"

मयुरीनं बाहीनं नाक पुसलं.

"फिलूमावशी, सगळे बांगडे साफ केलंस?"

"खंय? अर्दे आसत तशेच."

"हात लावू नको. विळी हाड."

पाच मिनिटांत फिल्मचा शेवट बदलला. खलनायकाला शिक्षा झाली : जन्मठेप, सक्तमजुरीसह, गावचे मासे साफ करणे. मला विळीवर बसवलं. पुढ्यात बांगड्यांचं टोपलं आणि डोक्यावर शेरीफचं पिस्तूल. कॅमेरा सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं की आयुष्यभर मी मासळीचा भाव केला, ती खाल्ली, तिला नावं ठेवली. पण आख्ख्या बांगड्याला कुठून हात घालायचा हे मला माहीत नाही! एक पकडला, तर सुळकन निसटून वेस्टकोटात गेला. दुसरा घट्ट धरला आणि विळीच्या पात्यावर खसाखसा खरवडायला लागलो.

"ह्यां काय करतास?" शेरीफ म्हणाली.

"खवळां काडतंय."

"अहो, बांगड्याची खवळां कोन काडता?"

बांगड्याला काढण्याजोगे खवलेच नसतात हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या प्रश्नावर सगळ्या हंड्यांसकट गर्दी आडवी झाली. काकी हसून हसून मांगराच्या खांबाला धरून राहिली. एवढ्यात वरून एक घार आली आणि मी खरवडून गुळगुळीत केलेला बांगडा हातातून घेऊन गेली. मी खरोखरीच किंचाळलो. आणि कॅमेरा बराच वेळ एकाच जागी रोखलेला बघून सुलतान आपणहून आला, माझ्या शेजारी उभा राहिला, मान वळवली आणि पाय पुढे घेतला. शेरीफनं तशा अवस्थेत, हसणं दाबत, विहिरीच्या कुलपाची किल्ली बायकांकडे फेकली. सूर्य पाण्याला टेकला आणि बॅटरी संपली, पण सगळं मिळालं होतं.

पाऊस सुरू व्हायच्या आधी देवळासमोरच्या मांडवात चादर बांधून फिल्म दाखवली. अख्खं गाव लोटलं होतं. पुरुष मंडळी बांगड्याच्या प्रसंगाला मोठ्यानं हसली, मग शेजारी बसलेल्या बायकांकडे बघून जरा कमी हसली. मयुरी पडद्याकडे बघतच नव्हती. ती एका बाजूला उभी राहून हसणाऱ्या लोकांचे चेहरे बघत होती, आणि मी तिचा बघत होतो. इतका उजळलेला चेहरा मी तिच्या दहावीच्या निकालालाही बघितला नव्हता. एकही माणूस मधून उठला नाही. मला फार, फार बरं वाटलं.

तिथेच, टाळ्यांच्या गडबडीत, मी तिला म्हटलं, "मयू, त्या क्लासाचो विषय संपलो."

"माझो संपलो, बाबा," तिनं माझा हात धरला. या खेपेला हात चांगला गरम होता. "तुमचो आता सुरू."

कारण फिल्मचा दुसरा भाग ठरलाय. त्यात वर्षभराच्या सक्तमजुरीनंतर खलनायक मासे साफ करण्यात तरबेज झालेला दाखवायचाय, आणि दिग्दर्शक म्हणते की तसा अभिनय मला जमणार नाही, प्रत्यक्षच शिकावं लागेल. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आमच्या पडवीत माझा क्लास असतो. मास्तरीण आमची शेरीफच. प्रगती चांगली आहे असं मी सगळ्यांना सांगतो. सुलभा काही सांगत नाही. आमची मांजर मात्र हल्ली भलतीच जाडजूड झालीय, त्यावरून काय ते समजा.