मधल्या खोलीवरचं छप्पर

आमच्या आण्णाला कुणी हट्टी म्हटलं की मला हसू येतं. हट्टी माणूस निदान ऐकून घेतो आणि मग नाही म्हणतो. आण्णा ऐकतच नाही. आण्णा म्हणजे कोंडीराम, माझा थोरला भाऊ. पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या जुन्या गावठाणात राहतो, सत्तरी ओलांडलीय. मी द्वारका, त्याची धाकटी बहीण. मला हडपसरात दिली, म्हणून माझी भाषा सुधारली असं माहेरचे म्हणतात. राग आला की ती परत बिघडते, आणि गेल्या श्रावणात ती रोज बिघडत होती.

आण्णाचा सगळा जन्म उसाला पाणी देण्यात गेला. दारं धरणं, म्हणजे पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवणं, यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. फावड्याचा एक घाव इकडं, मातीचं एक ढेकूळ तिकडं, की पाणी मुकाट्यानं वळायचं. आता त्या सऱ्यांवर सोसायट्या उभ्या आहेत आणि तिथं टँकरनं पाणी येतं. आण्णाला त्याचं सुख ना दुःख. "पानी आपली वाट काढतंय," एवढंच म्हणतो आणि तंबाखू मळायला लागतो.

त्याच पाण्यानं गेल्या वर्षी त्याच्या घरात वाट काढली. घर कौलारू. कौलांच्या खाली डांबरी कागद अंथरलेला, कौल फुटलं तरी पाणी आत येऊ नये म्हणून. शेजारी इमारत उठली, तिच्यावरून विटांचे तुकडे पडले, कौलं तडकली आणि कागद फाटला. फाटायला अख्खं घर होतं. पण फाटला तो बरोबर मधल्या खोलीवर, बायडावहिनीच्या पलंगावर.

वहिनीचं आधी सांगते. तिचा आणि आण्णाचा एकुलता एक रविराज हिंजवडीला कंपनीची बस चालवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना सुखरूप घरी पोचवायचा, आणि स्वतः मोटारसायकलवरून येताना ट्रकखाली गेला. त्याचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत वहिनीचं डावं अंग लुळं पडलं. तेव्हापासून ती पलंगाला खिळलेली. पाठीला जखम झालेली, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, ही जागा ओली राहता कामा नये, राहिली तर जखम हाडापर्यंत जाईल आणि मग आमच्या हातात काही नाही. आणि वर छप्पर गळत होतं. पलंग सरकवायला खोलीत जागा नाही, पुढच्या खोलीत भाडेकरू, स्वयंपाकघराच्या जमिनीला ओल. माझ्याकडं न्यायचं तर माझं घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नावापुरती. तेव्हा वहिनीच्या अंगावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर परात, आणि परातीत टप टप. ती चांगल्या हातानं परात सावरून धरायची. मला मात्र ते बघवायचं नाही.

कौलांचं काम करणारा महिपती येऊन खालूनच बघून गेला. म्हणाला, "वर पाय ठिवला की वासा जानार, आन वाशाबरुबर मी. पाऊस उघडू द्या, दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर! वहिनीच्या पाठीनं दिवाळीपर्यंत थांबायचं होतं म्हणे.

"मग आतनंच करू," आण्णा म्हणाला आणि स्वयंपाकघरात शिडी लावून माळ्यावर चढला, तिथून पलंगावरच्या छपराला हात पोचतो. या वयात! मी खाली शिडी धरून उभी, तोंडानं शिव्या आणि मनात देवाचं नाव.

आतून कागद दुरुस्त करायचा म्हणजे नुसता तुकडा खालून चिकटवून भागत नाही. त्याच्यामागं पाणी साचतं आणि भलतीकडं फुटतं. तुकडा कागद फाटलेल्या फटीतून बाहेर सरकवावा लागतो. त्याचं वरचं टोक आत, जुन्या कागदाच्या खाली. खालचं टोक बाहेर, जुन्या कागदाच्या वर. म्हणजे पाणी कागदावरून तुकड्यावर येतं आणि तुकड्यावरून पुन्हा कागदावर उतरतं. आण्णाला हे कुणी शिकवावं लागलं नाही, त्याच्या लेखी ती उसाचीच सरी. पण दुकानातून आणलेला नवा डांबरी कागद कडक. फटीतून वळवायला गेलं की पापडासारखा मोडायचा. एक मोडला, दुसरा मोडला. मग आण्णा माळ्यावर कोपऱ्यात काहीतरी धुंडाळत राहिला.

नंतर त्यानं कसला तरी लांबट तुकडा सरकवला आणि खाली उतरला. पावसाच्या दोन सरी येऊन गेल्या, पाणी कमी झालं पण थांबलं नाही. कडेनं झिरपत होतं. मी म्हटलं, बघू तरी काय लावलंय, आणि पदर खोचून स्वतःच वर चढले. बघते तर फटीत फ्लेक्सची पट्टी, आणि पट्टीवर आमच्या भागातल्या पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो. बाजूला 'शोकाकुल मित्रपरिवार'. म्हटलं, वा! निवडणुकीच्या आधीही गळका, नंतरही गळका.

मग कोपऱ्यात गुंडाळी दिसली आणि माझं हसू जागीच विरलं.

आमच्याकडं माणूस गेलं की संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागतो. मोठा फोटो, 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली पुढारी. दहावा झाला की उतरवतात. वाढदिवसाचे फ्लेक्स लोक बिनदिक्कत गोठ्यावर नाही तर पत्र्यावर टाकतात, त्याचं कुणाला काही नाही. पण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला कुणी हात लावत नाही. वापरवत नाही आणि टाकवत तर त्याहून नाही. रविराजचा फ्लेक्स वहिनीनं तेव्हा मागितला होता. चौकात जाऊन तिनं तो बघितलाही नव्हता. आण्णानं सांगितलं, चौकातली पोरं घेऊन गेली. आणि स्वतःच गुपचूप गुंडाळून माळ्यावर ठेवला. त्यातली खालची पुढाऱ्याची पट्टी तेवढी त्यानं कापली होती. वरच्या भागाला सुरी लावलीच नव्हती.

मी खाली येऊन त्याच्यावर बरसले. "आण्णा, फ्लेक्स वळतोय, मोडत नाय, पानी मुरत नाय! एवढा मोठा तुकडा वर पडून हाय आन तू बोटभर पट्टी लावून बसलायस? वहिनीची पाठ सडल्यावर कापनार का?"

"त्याच्यावर त्याचं तोंड हाय, द्वारके," आण्णा म्हणाला. "तोंडातनं सुरी कशी घालू? तू घाल."

माझी सुद्धा छाती नव्हती.

आम्ही दोघं खुळे. भिंतीला कान असतात म्हणतात, इथं तर मध्ये भिंत पण नव्हती, नुसता पडदा. आतून वहिनीचा आवाज आला, "वन्सं, ते खाली आना."

आण्णा नको नको म्हणत होता. मी आणला. तिच्या पलंगावर उलगडला तेव्हा तिच्या पायांपासून गळ्यापर्यंत रविराजच होता. लग्नातला फोटो, फेटा बांधलेला, हसणारा. वहिनीनं चांगल्या हातानं त्याचा गाल चाचपला. मग आण्णाकडं असं बघितलं की मला वाटलं, आता ही याला जन्माची बोलणार नाही.

"मला खोटं सांगितलं," ती म्हणाली.

"तुला सोसलं नसतं."

"आन तुमाला सोसलं? रोज त्याच्याखाली जेवत हुता." मग म्हणाली, "कात्री आना."

एका हातानं जाड फ्लेक्स कापला जात नाही. आण्णानं दोन्हीकडून ताणून धरला आणि तिनं कात्री चालवली. कात्री वेडीवाकडी गेली. फेट्यातून, कानाजवळून, पण चेहरा अख्खा ठेवून. आण्णाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी पुसल्या. त्याचं तोंड मी जन्मात पहिल्यांदा पुसलं असेन.

तो शिडीपाशी गेला तेव्हा वहिनीनं विचारलं, "अवो, तोंड कुनीकडं करनार?"

आण्णानं तुकडा उलटासुलटा करून पाहिला. छापलेली बाजू गुळगुळीत, पाणी तिच्यावरूनच नीट घसरतं, हे त्याला ठाऊक होतं. ती वर करायची म्हणजे पोराचं तोंड पावसात.

"वरच करा," वहिनी म्हणाली. "खाली केलं तर मी दिसभर त्याच्याकडं बघत पडंन. मग मला घास जायचा न्हाय."

कौलाखालच्या अंधारात आण्णानं तो तुकडा बोटाबोटानं सरकवला. वरचं टोक आत, खालचं टोक बाहेर, कडा पक्क्या. उतरला तेव्हा अंगभर जाळी आणि धूळ. मी चहा टाकला.

दुपारी आभाळ फुटलं. आम्ही तिघं छताकडं बघत बसलो. एक थेंब खाली आला नाही. मी वहिनीच्या पाठीखाली हात घालून बघितलं, चादर कोरडी ठणठणीत. प्लॅस्टिक काढलं, परात बाहेर नेऊन ठेवली. मला इतका आनंद झाला की मी आण्णाच्या पाठीत एक धपाटा घातला. म्हटलं, जमलं की रं तुला!

फुटक्या कौलातून पाणी यायचं ते येतच होतं. फक्त आता ते वर, फ्लेक्सवर पडत होतं. टप, टप, टप. वहिनी डोळे उघडे ठेवून ऐकत होती. तिला झोप लागावी म्हणून मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "वन्सं, माज्या अंगावर पडत हुतं, तेच बरं हुतं."