कोमट जेल

तेलवाहू जहाजाच्या पोटात उतरून ध्वनिलहरींच्या यंत्रानं पत्र्याची जाडी मोजायची आणि जहाज अजून किती टिकेल ते सांगायचं, हे माझं काम. मोजण्याआधी पत्र्याला जेल लावावं लागतं. ते बोटांना गार लागलं की श्रीरामपूरचा सोनोग्राफीचा दवाखाना आठवतो. पहिलं मूल पोटातच गेलेलं, त्यामुळं बायको घाबरलेली. तसलंच गार जेल पोटावर पडताच ती शहारली आणि माझा हात धरून म्हणाली, “अहो, जहाजाचं सांगता तसं सांगा की, टिकंल न्हवं?” मी सरळ बाटली उचलली, जेल तळहातांत चोळून कोमट केलं आणि तिच्या पोटावर लावलं. डॉक्टरीणबाई रागवायचं सोडून हसल्या, आणि थोड्या वेळानं ठोके ऐकू आले. आता लेक शाळेत जाते. लोखंडाला कुठली आलीय थंडी, तरी मी जेल आधी तळहातांत चोळूनच लावतो.